पट्टीची परीक्षा

सराफ हे त्यांचं आडनाव नव्हे. सोन्याशी त्यांचा संबंध म्हणाल तर बायकोच्या आजारपणात तिची अंगठी मोडली तेवढाच. पण ठोसे, लाथा, कुस्ती असं सगळं चालणाऱ्या पिंजऱ्यातल्या लढती भरवणाऱ्या एका कंपनीसाठी ते बावीस वर्षं माणसं पारखत होते, आणि त्यांनी ‘नाही’ म्हटलेला लढवय्या पुढे चमकला असं एकदाही घडलं नव्हतं. म्हणून धंद्यातल्या लोकांनी हे नाव चिकटवलं. त्यांनी ‘हो’ म्हटलेल्यांपैकी किती वाया गेले ते मात्र कोणी मोजलं नाही. सराफांनी स्वतः मोजलं होतं.

जड वजनगट, म्हणजे एकशेवीस किलोपर्यंतची माणसं, हा या धंद्यातला कायमचा दुष्काळ. हलक्या गटांत पोरं मुंग्यांसारखी येतात. जड गटात येतात ते बहुतेक नुसतेच अंगाने सुटलेले, दुसऱ्या मिनिटाला तोंड उघडं टाकून श्वास घेणारे. सराफांना गेल्या बारा वर्षांत या गटात एकही माणूस मिळाला नव्हता, आणि पुढच्या वर्षी ते निवृत्त होणार होते. जाता जाता एक तरी खरा माणूस आपल्या हातून वर जावा, अशी त्यांची इच्छा होती. उघड ते कधी बोलले नाहीत, पण इच्छा होती ती होती.

त्यामुळे ‘हातोडा’ हे नाव कानावर आल्यापासून त्यांची झोप उडाली होती. नऊ लढती, नऊ विजय, नऊच्या नऊ पहिल्याच फेरीत. सगळ्या मिळून पिंजऱ्यात घालवलेला वेळ सतरा मिनिटं. ऐकायला छान वाटतं. पण याचा दुसरा अर्थ असा, की हा माणूस दमल्यावर कसा दिसतो आणि मार खाल्ल्यावर कसा उभा राहतो हे कोणीच पाहिलेलं नाही. ते पाहायला सराफ एका सोमवारी सकाळी त्याच्या जिममध्ये गेले.

जिम टायरच्या दुकानाखालच्या तळघरात होती. चटयांना जागोजागी चिकटपट्टीची ठिगळं, भिंतीशी टांगलेल्या चार सँडबॅगा, त्यातल्या एकीची वाळू खाली बसून तिला पोट सुटलेलं. इथल्या प्रशिक्षकाला सगळे वस्ताद म्हणत. माणूस काडीसारखा, आवाज मात्र तळघर दणाणून सोडणारा.

“सराफ, आज तुमच्या डोळ्यांचं पारणं फिटेल,” वस्ताद म्हणाले.

“ते मरेपर्यंत फिटत नाही, वस्ताद. तोच तर त्रास आहे,” सराफ म्हणाले आणि चटईच्या कडेला स्टूल ओढून बसले.

आणि खरोखरच पारणं फिटलं. एकशेअठरा किलोचा माणूस, पण पाय पंचाहत्तर किलोचे. सराफ आधी हात कधीच बघत नसत. हात खोटं बोलतात, पाय बोलत नाहीत. हा पुढे येताना टाच टेकवत नव्हता, मागे जाताना पाय एकमेकांत गुंतवत नव्हता, आणि समोरच्याच्या कमरेत शिरताना इतका खाली जात होता, की एवढं धूड एवढं वाकतं कसं असा प्रश्न पडावा. त्याने दोघांना आलटून पालटून घेतलं आणि तिसऱ्या फेरीअखेर त्याचा श्वास जागेवर होता. सराफांनी स्टूल आणखी पुढे ओढलं. बारा वर्षांत पहिल्यांदाच.

एकच गोष्ट खटकली. सरावाचे जोडीदार त्याच्या डोक्याला हात लावत नव्हते. पोटात मारत, मांडीवर मारत, डोक्यापाशी आले की ठोसा हवेत विरघळत असे.

“डोकं सोडून का खेळताय?” सराफांनी विचारलं.

“लढत जवळ आली की आम्ही डोकं जपतो,” वस्ताद म्हणाले. “शिकलो आहोत ना आता.”

उत्तर शहाणपणाचं होतं. सराफांनी ते मान्य केलं, कारण त्यांना मान्य करायचं होतं.

मग सराफांनी आपली नेहमीची परीक्षा घेतली. ही परीक्षा धंद्यात दुसरं कोणी घेत नसे. लढवय्ये हातमोज्यांच्या आत साडेचार मीटरची सुती पट्टी गुंडाळतात. अंगठ्यात फास, मनगटाला तीन वेढे, मुठीच्या उंचवट्यांवर तीन, मग बोटांच्या बेचक्यांतून एकेक करत पुन्हा अंगठ्याकडे. लढवय्या हे हजारो वेळा करतो. झोपेत बांध म्हटलं तरी बांधेल. सराफ तीन जोरदार फेऱ्यांनंतर, श्वास खाली बसायच्या आत, दोन कोऱ्या पट्ट्या हातात देत आणि म्हणत, बांध. डोकं शाबूत असलेला कुरकुरत बांधतो. ज्याच्या डोक्याला आत कुठेतरी मार बसला आहे तो बेचक्यांपाशी अडतो.

ही परीक्षा त्यांना एका माणसाने शिकवली होती, न शिकवता. सतरा वर्षांपूर्वी सराफांनी ‘हो’ म्हटलेला तो माणूस एकदा लढतीआधी बोटांत लोंबणारी पट्टी धरून उभा होता आणि ती दुसऱ्या कोणाची वस्तू असावी तसा तिच्याकडे बघत होता. “काय रे, संसाराची काळजी का?” म्हणून सराफ हसले आणि पट्टी त्यांनीच बांधून दिली. आज तो घरी खिडकीपाशी खुर्चीत बसलेला असतो. चमचा कुठल्या बाजूने धरायचा ते त्याची बायको रोज सांगते. सराफ महिन्यातून एकदा त्याला भेटायला जात. त्या हसण्याबद्दल त्यांनी स्वतःला कधी माफ केलं नव्हतं.

हातोड्याने पट्ट्या घेतल्या. सराफ बघत राहिले. एकही वेढा चुकला नाही, एकही सुरकुती नाही, दोन्ही टोकं मनगटावर एकाच जागी आली. मध्येच सराफांनी विचारलं, “सकाळी काय खाल्लंस?” त्याने उत्तर दिलं नाही, ओठ मात्र हलत होते. बांधून झाल्यावर त्याने वर पाहिलं आणि लहान मुलासारखा हसला.

“झालं, काका. बघा.”

“झकास,” सराफ म्हणाले.

सराफांचं काम जिममध्ये संपत नसे. माणूस घरी कसा आहे हे पाहिल्याशिवाय ते कागदावर काही लिहीत नसत. त्याच दुपारी ते हातोड्याच्या घरी गेले. लाँड्रीच्या वर दोन खोल्या, आणि त्यांत तो आणि त्याची थोरली बहीण. आईवडील लवकर गेले, या बहिणीने त्याला वाढवलं. ती गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात मशीनवर बसत असे. सराफ येणार म्हणून तिने अर्ध्या दिवसाची रजा काढली होती.

“बसा काका. चिमण सामान आणायला गेलाय, येईलच.”

“चिमण?”

“मोठा झाला म्हणून काय नाव बदलायचं? जन्मला तेव्हा पावणेदोन किलोचा होता. तेव्हा ठेवलं, ते राहिलं.”

सराफ हसले. चहाचा कप हातात घेतला आणि सवयीने खोलीभर नजर फिरवली. खिडकीतल्या दोरीवर पट्ट्या वाळत होत्या. दोन-चार नव्हे, वीस-पंचवीस, धुऊन धुऊन करड्या पडलेल्या. ओट्याजवळच्या भिंतीवर एक कागद चिकटवला होता: अंगठा, मनगट तीन, मूठ तीन, करंगळीचं बेचकं… प्रत्येकापुढे पेन्सिलने काढलेला हात. त्याखाली आणखी छोटे कागद. गॅस बंद कर. किल्ली खिशात आहे. ताई सहाला येते. आणि फळीवर मिठाचे पुडे ओळीने मांडलेले. सराफांनी मोजले. सात होते.

त्यांनी कप खाली ठेवला.

“ताई,” ते म्हणाले, “हे कधीपासून?”

बहिणीने त्यांच्या नजरेमागे भिंतीकडे पाहिलं. सारवासारव करायला तिने तोंड उघडलं होतं, पण ती बाई खोटं बोलण्यात कच्ची होती.

“पट्ट्यांचं चार महिने झाले,” ती म्हणाली. “तुमची परीक्षा सगळ्यांना माहीत आहे, काका. वस्ताद म्हणाले, रोज शंभर वेळा बांधून घे त्याच्याकडून. मला वाटलं, व्यायामासारखं असेल, करून करून सुधारेल. मीच शिवल्या सगळ्या पट्ट्या, कारखान्यातल्या उरलेल्या कापडाच्या. तो मोजत मोजत बांधतो. मध्ये कोणी बोललं तर उत्तर द्यायचं नाही, असं मीच शिकवलं. उत्तर दिलं की चुकतो.”

सराफांना सकाळचे ते हलणारे ओठ आठवले. बावीस वर्षं ज्या परीक्षेच्या जिवावर त्यांनी सराफ म्हणून मिरवलं, तिची उत्तरं ओट्याशेजारी पाठ करून घेतली जात होती. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही हे वस्तादांना कळत नव्हतं असं नाही. उजाडायच्या आत सही व्हावी, एवढंच त्यांना हवं होतं.

मग तिने सगळं सांगितलं, कोणीतरी विचारायची वाट बघत असल्यासारखं. सरावात डाव्या कानशिलावर गुडघा बसला. तो चटईवर पडला आणि घोरायला लागला. चार दिवसांनी पुन्हा उभा केला, पुन्हा तिथेच बसला, पुन्हा पडला. डॉक्टरने डोक्याचा फोटो काढला, म्हणाला काही दिसत नाही. फोटोत दिसत नाही, घरात दिसतं. आता डाव्या बाजूने साधी टपली बसली तरी त्याचे पाय तीन-चार सेकंद जातात; तो हसून भिंतीला टेकतो आणि समोरच्याला वाटतं, गंमत करतोय. साखर आणायला गेला की मीठ आणतो.

“या घरात मिठाला तोटा नाही बघा,” ती म्हणाली, आणि तिला रडू आलं.

थोड्या वेळाने तिने पदराने तोंड पुसलं. “काका, लोक म्हणतात तुमचं ‘नाही’ कोणी मोडत नाही. तुम्ही ‘नाही’ लिहा. वस्तादांचं तो ऐकतो, माझं ऐकत नाही. पण कंपनीनेच नको म्हटलं तर त्याचा नाइलाज होईल. शीतगृहात त्याची जुनी नोकरी आहे, खोकी उचलायची. मुकादम घ्यायला तयार आहे.”

“लिहितो,” सराफ म्हणाले. “असं लिहितो की कोणाची मोडायची छाती होणार नाही.”

तेवढ्यात तो आला. हातात मीठ होतं. बहिणीने ते घेतलं आणि आठवा पुडा फळीवर ठेवला.

सराफ निघाले तेव्हा तो त्यांना पोचवायला रस्त्यापर्यंत आला. फूटपाथवर तो एकदम थांबला.

“काका, ताईने सांगितलं ना तुम्हाला?”

सराफांनी मान डोलावली.

“मला कळतं हो. मी काय मूर्ख नाही. पण बघा, पिंजऱ्यात गेलो की सगळं आठवतं. तिथे मी काही विसरत नाही. बाहेरच विसरतो.” त्याने सराफांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, अगदी हलका, काच धरावी तसा. “मला आत जाऊ द्या ना.”

या वाक्याने सराफांचं काळीज तुटलं. खिडकीपाशी बसलेला तो दुसरा माणूसही एकेकाळी हेच म्हणाला होता, आणि सराफांना ते त्या वेळी जिद्दीचं लक्षण वाटलं होतं.

एरवी सराफांचा अहवाल तीन ओळींचा असे. पाय, दम, डोकं, आणि खाली हो किंवा नाही. या वेळी त्यांनी चार पानं लिहिली. नुसतं ‘नाही’ म्हटलं तर नऊ विजयांपुढे ते टिकणार नाही, कोणीतरी म्हणेल म्हातारा झाला, पारख गेली. म्हणून त्यांनी एकही फट ठेवली नाही. मार कुठे बसला, कितीदा बसला. डाव्या कानशिलावर हलका स्पर्शही पुरतो. पाय किती सेकंद जातात. डाव्या बाजूला जपायला तो नकळत उजवा हात पुढे आडवा आणतो आणि हनुवटी उघडी पडते. डोक्यावर मारत पहिली फेरी कोणी निभावली तर दुसरीत हा उभा राहणार नाही. शेवटी लिहिलं: याला कोणत्याही परिस्थितीत पिंजऱ्यात उतरवू नये. खाली सही केली, तारीख टाकली. बऱ्याच वर्षांनी आपण एक स्वच्छ काम केलं असं त्यांना वाटलं, आणि त्या दिवशी ते पोटभर जेवले.

कंपनीत लढती जुळवायचं काम मॅडमकडे होतं. लग्नं जुळवणारे पत्रिका बघतात, त्या अहवाल बघत. फरक एवढाच, की लग्नात मार नंतर सुरू होतो, हा विनोद त्या स्वतःच करत. आठवड्याभराने त्यांनी सराफांना केबिनमध्ये बोलावलं. चार पानं त्यांच्यापुढे होती आणि पिवळ्या शाईने ठिकठिकाणी रंगवलेली होती.

“सराफ, बावीस वर्षांत इतका उत्तम अहवाल तुम्ही दिला नव्हता.”

“मग नाही ना?”

“नाही कसं? घेतला त्याला. आज सकाळी सही झाली.”

सराफांना वाटलं, पानं त्यांनी नीट वाचलीच नाहीत. “मॅडम, चौथं पान—”

“चौथं पान दोनदा वाचलं.” त्यांनी मागच्या भिंतीवरच्या पोस्टरकडे मान वळवली. कंपनीचा स्वतःचा जड गटातला माणूस, देखणा, सहा लढती जिंकलेला, पुढच्या वर्षीचा चेहरा. “याला एक मोठं नाव हरवायला हवंय. नऊ विजय, एकही हार नाही, असा समोरचा पोस्टरवर किती छान दिसतो. आणि तो हरणार हे आम्हाला आधी ठाऊक असणं याहून छान. असा माणूस शोधून मिळत नाही. तुम्ही मिळवून दिलात.”

“तो मरेल.”

“डॉक्टरांचे कागद स्वच्छ आहेत. पट्टी बांधता येणं न येणं हे काही औषधशास्त्र नाही, सराफ. आणि तुमच्याच लिहिण्याप्रमाणे पट्टी तर त्याने बिनचूक बांधली.” त्यांचा आवाज चढला नव्हता; त्या मुळीच दुष्ट बाई नव्हत्या, आणि याचाच सराफांना जास्त राग आला. “आम्ही नको म्हटलं तर त्याचे वस्ताद त्याला गोदामांतल्या लढतीत उतरवतील. तिथे ना डॉक्टर, ना पंच. दगडापेक्षा वीट मऊ.”

“माझी पानं परत द्या.”

“ही घ्या. यांची प्रत आमच्या माणसाच्या प्रशिक्षकाकडे शुक्रवारीच गेली. डाव्या कानशिलावर सराव चालू आहे.”

सराफांनी तिथेच उभ्याने राजीनामा लिहिला. मॅडमनी तो घेतला, तुमची उणीव भासेल म्हणाल्या, आणि ते खरंही होतं. एका माणसाच्या राजीनाम्याने तेवढंच होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते काय, हे सराफांना साठीत उमगलं, आणि अवलक्षण दुसऱ्याच्या वाट्याला गेलं होतं.

तिथून ते सरळ गणवेशाच्या कारखान्यात गेले. दुपारच्या सुट्टीची घंटा नुकतीच झाली होती. बायका डबे घेऊन उठत होत्या. बहीण मात्र मशीनवरच बसून एक खिसा पुरा करत होती. तिने सराफांना पाहिलं आणि मशीन थांबवलं.

“लिहिलंत ना ‘नाही’?”

“लिहिलं.”

“मग सकाळी सही कशी झाली? वस्ताद पेढे घेऊन आले होते घरी.”

सराफांनी सांगितलं. आडपडदा न ठेवता सांगितलं, पोस्टरवरच्या माणसापासून डाव्या कानशिलाच्या सरावापर्यंत. सांगताना ते तिच्याकडे बघू शकले नाहीत. मशीनखाली पडलेल्या कापडाच्या चिंध्यांकडे बघत राहिले. ओरडेल, शिव्या देईल, असं त्यांना वाटत होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

“म्हणजे माझ्याच तोंडून गेलं सगळं,” ती म्हणाली.

“नाही, ताई. माझ्या हातून गेलं.”

“तुम्हाला कोणी सांगितलं? मीच ना. डावं कानशील कोणी सांगितलं? पाय जातात ते कोणी सांगितलं?” ती हळू बोलत होती, हिशेब जुळतो का पाहावं तसं. “पट्ट्याही मीच शिवल्या.”

“लढतीला दीड महिना आहे. त्याला समजावू. मी बोलतो.”

“बोला की. समजेल त्याला. त्याला सगळं समजतं हो काका, तो फार शहाणा आहे. आणि संध्याकाळी पुन्हा सांगायचं, आणि उद्या सकाळी पुन्हा. वस्ताद त्याला एकदाच सांगतात, ‘चल’. तेवढं लक्षात राहतं.”

सराफांच्या खिशात फोन वाजला. नाव बघून त्यांनी तो तसाच हातात धरला. बहिणीनेही नाव वाचलं.

“घ्या,” ती म्हणाली.

“काका! मी बोलतोय, हातोडा. एक आनंदाची बातमी आहे. कंपनीने घेतलं मला. सही झाली! वस्ताद म्हणाले, तुमच्या अहवालामुळेच झालं. मॅडमनी स्वतः सांगितलं त्यांना, सराफांनी चार पानं लिहिली म्हणून. चार पानं, काका! माझ्यावर आजवर कोणी चार ओळी लिहिल्या नाहीत. तुमचे उपकार मी विसरणार नाही.”

“बरं,” सराफ म्हणाले. “बरं, बाळा.”

“ठेवतो. ताईला सांगायचंय अजून.”

फोन बंद झाला. बहिणीने मशीनवरचा अर्धा राहिलेला खिसा सोडवला, पुन्हा लावला, पुन्हा सोडवला. बाहेर बायका कशावरून तरी मोठ्याने हसत होत्या. तिचा फोन वाजेल म्हणून दोघंही त्याच्याकडे बघत राहिले. तो वाजला नाही.

सराफांचाच वाजला.

“काका!” तोच आनंद, तोच श्वास, पहिल्यांदाच सांगत असल्यासारखा. “मी बोलतोय, हातोडा. एक आनंदाची बातमी आहे.”

सराफांनी बहिणीकडे पाहिलं. फोनमधला आवाज तिलाही ऐकू येत होता. तिने डोळे मिटले आणि मान हलवली.

“सांग, बाळा,” सराफ म्हणाले. “काय झालं?”